सोळाच्या खालचं काळं

(लातूर. बंद झालेल्या कोचिंग क्लासचा हॉल. दुपारची वेळ, पण खिडक्यांचे पडदे ओढलेले. भिंतीवर प्रोजेक्टरचं चित्र.)

रुद्राणी : एवढी जाडी होते का हो मी आपल्या लग्नात?

चंद्रप्पा : नव्हतीस. हा कॉम्प्युटर चित्र आडवं ताणून राहिलाय. जुन्या कॅसेटचं माप चारास तीन असतं. थांब... हं. आता बघ.

रुद्राणी : आता तुम्ही वाळले.

खाजामियाँ : सर तसेच होते, वहिनी. कोट मागून टाचण्या लावून आवळला होता. मीच आवळला. माझं शूटिंग खराब दिसलं असतं.

चंद्रप्पा : क्लासमध्ये याच प्रोजेक्टरवर पोरांना फिजिक्सच्या आकृत्या दाखवल्या. पांढऱ्यावर काळी रेघ दिसली की झालं. पिक्चरचं तसं नसतं. मला जमेल असं वाटत नाही, पण बघतो.

रुद्राणी : सकाळपासून बघूनच राहिलेत.

खाजामियाँ : बघू द्या की. माझ्या ट्रंकेत तळाला निघाली ही कॅसेट. बुरशी पुसून कॉपी केली. तुमच्या गावाची एवढीच उरली, वहिनी. त्याच साली भूकंप झाला.

रुद्राणी : हाव. ते घर न्हाई, मांडवातली निम्मी माणसं न्हाईत.

खाजामियाँ : तुमच्या आईसाहेब कुठं दिसल्या नाहीत अजून.

रुद्राणी : दिसणार बी न्हाईत. अव्वा अक्षतेला आलीच न्हाई.

चंद्रप्पा : जाऊ दे ते, रुद्राणी.

रुद्राणी : का जाऊ दे? अप्पा वारलेले. मामा म्हणले, विधवा बाईनं मांडवात येऊ नये. मी अव्वाला म्हणलं, कुणाचं ऐकू नको, माझ्यापशी उभी राहा. येते म्हणली. अन् बसली मागच्या खोलीत. मी बी हट्टाची. पंचमीला माहेरचं बोलावणं आलं, गेले न्हाई. गणपती बुडवले अन् पहाटे गाव पडलं.

खाजामियाँ : माफ करा, वहिनी. मला मालूम नव्हतं.

चंद्रप्पा : खाजामियाँ, मांडवामागचं हे दार बघा. नुसतं डांबर ओतल्यासारखं दिसतंय.

खाजामियाँ : अंधारच होता तिथं. माझ्याकडं एक हॅलोजन. तिकडं फिरवला तर बायकांतल्या कुणीतरी हात केला, लाइट इकडं नको. मी लगेच वळवला.

चंद्रप्पा : अंधार असला तरी इतका सपाट नसतो. माझं चुकतही असेल... पण कॉम्प्युटर काळ्याचे आकडे शून्यापासून पाठवतोय, आणि प्रोजेक्टर सोळापासून मोजतोय. सोळाच्या खालचं सगळं तो एकच काळं धरतो. दोघांचं माप एक करायला पाहिजे.

रुद्राणी : करा तुमचं माप. मी चहा टाकते.

चंद्रप्पा : हे बदललं. आता परत लावतो.

खाजामियाँ : या अल्ला.

रुद्राणी : काय झालं?

चंद्रप्पा : तू आधी बस.

रुद्राणी : उभीच बरी हाय मी. काय झालं ते... त्या चौकटीत कोण हाय?

चंद्रप्पा : मी त्यांना दोनदाच पाहिलं होतं. माझ्याकडून चूक होईल. तूच सांग.

रुद्राणी : मागं घ्या. अजून मागं.

खाजामियाँ : हाच तो हात, वहिनी. लाइट नको म्हणून केलेला. त्याच होत्या. आणि मी चेहरा पाहिलाच नाही.

रुद्राणी : पदर तोंडाला लावलाय. थांबा, थांबा. मूठ उघडली तिनं. अक्षता टाकून राहिली.

चंद्रप्पा : हो.

रुद्राणी : पार तिथून. तिथून कुठं येतात त्या आपल्यापर्यंत.

खाजामियाँ : पुन्हा टाकल्या. प्रत्येक वेळी टाकून राहिल्या.

रुद्राणी : एकानं बी सांगितलं न्हाई मला. एकानं.

खाजामियाँ : सगळ्यांची तोंडं तुमच्याकडं होती. मागं कोण बघतं.

रुद्राणी : मग तिनं तरी सांगायचं.

चंद्रप्पा : पंचमीला सांगायचं असेल त्यांना.

खाजामियाँ : सर...

चंद्रप्पा : चुकलो. असं बोलायला नको होतं मी.

रुद्राणी : न्हाई. खरं हाय ते.

चंद्रप्पा : मी इथंच थांबवतो. चेहरा नीट आलाय. तुझ्याकडं त्यांचा एकही फोटो नाही. हाच काढून घेऊ, फ्रेम करू.

रुद्राणी : थांबवू नका. हलून राहिली हाय ती. हलू द्या.