बधिर करायचं क्रीम

त्वचेच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर मायलेकी कुजबुजत होत्या.

"बधिर करायचं क्रीम लेझरआधी फक्त डागावर लावायचं होतं ना, आई?"

"आजूबाजूलाही दुखतंच की. म्हणून दोन्ही पायांना थापलं, पार मांड्यांपर्यंत."

"अख्खी ट्यूब?"

"दोन. वरून प्लास्टिक गुंडाळलंय, चांगलं मुरावं म्हणून."

"चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांगू."

"हळू बोल. ते आजचं रद्द करतील. परत सुट्टी कोण देणार मला?"

"मघाशी कानात काय होतंय म्हणालीस?"

"नुसतं गुणगुणतंय. आणि जीभ जड झालीय. म्हणजे औषध लागू पडलं बघ."

"आई, क्रीम तू पायांना लावलंयस."