एका बैठकीत भरलेले तीस फॉर्म

मी मूळचा उमापूरचा, शिकलो बारावीपर्यंत, अन् धंदा म्हणाल तर तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज भरायचे, माणूस नाव सांगायचा अन् बाकीचं आमीच ठोकून द्यायचो, ती सवयच लागली हाताला. मग जिकडंतिकडं कम्प्युटर आला तसा मीबी चौसाळ्यात हायवेला क्लास टाकला अन् लोक मला सर म्हणाया लागले, आता अर्जनवीस सर झाला म्हणल्यावर दुसरं काय व्हायचं?

पुण्याच्या एका कंपनीचा कोर्स होता, धडे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटनं यायचे, अन् त्यांचं म्हणणं लई गोड, जसा विद्यार्थी तसा धडा. आधी एक फॉर्म, तुम्हाला वाचून समजतं, ऐकून समजतं का हातानं करून, ते ज्याचं त्यानं सांगायचं. मी काय केलं, तीस जणांचे फॉर्म चहा पीत एका बैठकीत भरले, सगळ्यांच्या नावापुढं 'वाचून' असंच लिहिलं, कावून तर तो रकाना पहिला होता! हसू नका. हसण्यासारखं हायच, पण हसू नका.

त्यात मंगल होती, शिरूर कासारकडची. नवरा-बायको दरसाल ऊसतोडीला जायचे अन् लेकीची शाळा तुटायची. गावच्या दूध डेअरीत कम्प्युटरवर बसायला बाई पाहिजे होती, चेअरमन म्हणले, ऊसतोडीची टोळी निघायच्या आत सर्टिफिकेट आण, जागा तुझी. म्हणून ती चौसाळ्यात बहिणीकडं येऊन राहिली. ऐकलेलं तिला एका खेपेत पाठ, पण वाचायची बोट ठेवून, अन् कम्प्युटरवरचं पान ठरल्या टायमाला आपलं आपण पुढं सरकायचं. ती म्हणायची, सर, हे थांबतच न्हाई. मी म्हणायचो, तूच भरभर वाच की! बघा माझी अक्कल.

नापास झाली. पुण्याला फोन लावला तर तिथला साहेब म्हणतो, विद्यार्थिनीनं स्वतः लिहून दिलंय, तिला वाचून समजतं, आता पुढची परीक्षा दिवाळीनंतर. लई बोललो त्याला, अरे एकदा फॉर्म घेतला की संपलं का, बाई रोज वाचताना मागं पडती हे तुमच्या यंत्राला दिसत न्हाई का बे? फोन आपटला तर मागं मंगल उभी. म्हणली, सर, त्यांचं जाऊ द्या, ते पुण्यात. तुमी तर रोज समोर होतात, तुमी तरी मला इचारलं का?

दिवाळीआधीच टोळी गेली, तिच्यासंगं मंगल गेली, डेअरीत दुसरी बाई बसली.

क्लास बंद पडून लई वर्सं झाली. मंगल अजून ऊसाला जाते, आता लेकबी जाते. बाजारात भेटली की भर गर्दीत हाक मारते, सर, बरं हाय ना? टोमणा न्हाई हो त्यात, टोमणा असता तर बरं वाटलं असतं. सुखी राहा बाई, म्हणतो, अन् पिशवी घेऊन दुसऱ्या गल्लीला लागतो.