पाटी धरणारा हात

काल्हेरच्या शेअर रिक्षाचा पत्ता नव्हता आणि रांगेत ताटकळून वैशालीचा जीव नुसता कावला होता. पुढे एक आजी आणि तिची नात गाण्यांच्या मासिकावर वाकल्या होत्या. मुखपृष्ठावर नातच होती. कासोट्याचं लुगडं नेसून होडीत उभी, डोक्यावर मासळीची पाटी.

“काय लिवलंय गो उन्नती?”

“‘खाडीची कोळीण गायिका’.”

“कोलीन? आपन आगरी! भात नि मीठ पिकवलं, मासली कवा इकली?”

“त्यांना तसंच पाहिजे होतं, आजी. गोडाऊनच्या ऑफिसात बिलं बनवणाऱ्या पोरीचा फोटो कोण बघणार?”

“नि गानी कुठं शिकली म्हून लिवलंय?”

“लाटांकडून.”

“लाटांकडून? लग्नात धवले गाताना तुला मांडीवर घेऊन बसायची, ती मी कोन?”

“सांगितलं होतं गं मी. नाही छापलं.”

“बरं, माजा हात कुठं हाय?”

“कुठला हात?”

“पाटी सारखी कलंडत व्हती, म्हून मी बाजूनं धरली व्हती ना?”

“तो पुसला कॉम्प्युटरवर.”

“हात पुसला, नि पाटी ऱ्हायली?”

“राहिली. तेच बघून शनिवारच्या कार्यक्रमाला बोलावलंय. पाटी घेऊनच स्टेजवर या म्हणाले.”

“मंग तिथं धरनार कोन?”

रिक्षा आली. आजी चढून बसली. वैशालीने “हो ना पुढे” म्हटलं, तरी उन्नती तशीच उभी, डोक्यावर नसलेल्या पाटीला हात लावून.