जिंकलेली बाजू

—नाही, सही करणार नाही असं कुठं म्हणाले मी, मिस्टर सोरेनसन? बसा ना. बाक लहान आहे, पोरांचा, पण बसा. मुलं जेवायला गेलीत, अजून वेळ आहे. शाळा मंडळाचे सचिव तुम्ही, कराराचा कागद तुम्हीच आणणार — फक्त ही शेवटची ओळ... ‘मी अविवाहित आहे.’ गेल्या वर्षी नव्हती ही. कुणामुळे आली, ठाऊक आहे? माझ्यामुळे.

हसताय काय! फेब्रुवारीतली ती वादसभा आठवा — आपल्या शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या सामन्यालासुद्धा एवढं गाव लोटत नाही. विषय काय, तर या मंदीत नवरा असलेल्या बाईला शिक्षिकेची नोकरी असावी का? नाणं उडवलं, आमच्या वाट्याला आलं ‘नसावी’. आता मी वादविवाद शिकवणारी — मीच पोरांना सांगत आले ना, मिळेल ती बाजू जीव तोडून लढवायची, स्वतःला काय वाटतं ते घरी ठेवायचं? थेल्मा कोवारिककडून पंधरा दिवस घोटून घेतलं. सोळा वर्षांची पोर, बाप वर्षभर बेकार — असं बोलली, असं बोलली! ‘एका घरात दोन चुली पेटतात, तेव्हा शेजारची एक विझलेली असते’ — या वाक्याला रुमाल कुणी काढला? तुमच्या अध्यक्षांनी. ते वाक्य माझं, साहेब. ऑरविलच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलेलं — ऑरविल म्हणजे... माझा मावसभाऊ. ओमाहाला असतो.

जिंकलो आम्ही. ढाल मिळाली. आणि दुसऱ्याच सोमवारी तुमच्या मंडळाचा ठराव. पहिली कुऱ्हाड कुणावर? हॅटी लिंडक्विस्टवर. एकोणीस वर्षं पहिलीचा वर्ग — तुमच्या मुलीला मुळाक्षरं कुणी शिकवली? हॅटीनंच ना? तिच्या नवऱ्याचं काम सुटून सहा महिने झाले होते, ते कुणी विचारलं नाही. खोक्यात सामान भरत होती ती, मी दारात उभी. वाटलं, आता तोंडावर थुंकेल. तर म्हणते कशी, ‘आर्डिस, पोरगी छान बोलली हं. श्वास कुठं घ्यायचा ते बरोबर शिकवलंस.’ एवढंच! आणि तिला तर सगळं माहीत होतं हो, चार वर्षांपूर्वी कोर्टात साक्षीदार म्हणून सही तिनंच—

पाणी देऊ तुम्हाला?

असं बघू नका. हो. ऑरविल डोलन. मावसभाऊ नाही. कत्तलखान्यात होता, आता नुसता खोकतो, सकाळपासून खोकतो. डॉक्टर म्हणतात कोरड्या हवेला न्या — ही नोकरी गेली तर कशाच्या जोरावर नेऊ? हात जोडते, घरी बायकोलासुद्धा सांगू नका. हॅटीनं एक शब्द काढला असता तर मीही त्याच दिवशी बाहेर असते. नाही काढला तिनं. आणि मी? ठराव वाचला तेव्हा मी टाळ्या वाजवत होते, मिस्टर सोरेनसन. सगळे वाजवत होते, मीही वाजवल्या — शेवटपर्यंत, कुणाला शंका यायला नको म्हणून.

काय म्हणालात? तुम्ही काही ऐकलंच नाही? — देव तुमचं भलं करो. खरंच? नुसती सही केली की झालं? आणा, पेन आणा. तुमची माणुसकी मी... थांबा. किती सोपं आहे नाही? मग हॅटीच्या वेळी का नाही हो जमलं तुम्हाला काही न ऐकणं? एकोणीस वर्षं राजरोस ‘मिसेस’ म्हणवून घेतलं, ही तिची चूक? आणि नवऱ्याला भाऊ म्हणणारी मी, मी शहाणी? ती गेली, मी राहू — आणि पुढच्या वर्षी आणखी एक पोरगी तयार करू, श्वास कुठं घ्यायचा ते शिकवू?

ओढू नका कागद! सही केलीये ना? वाचा. ‘अविवाहित’मधला ‘अ’ तेवढा खोडलाय.

नाही, दुसरा कागद नको. घडी घालू नका, शाई ओली आहे. काही बोलू नका हो आता, बोललात तर मी कागद परत मागून घेईन. जा. मुलं आली — जा म्हणते ना!