दुसऱ्याचा बिल्ला

(बुटांच्या कारखान्यातला दवाखाना. दुपार. टेबलावर रक्ताचा रिपोर्ट.)

सिस्टर : हसताय कशाला? मी काय विनोद सांगितला?

कारागीर : हसत नाही हो, सिस्टर. तोंडच तसं आहे माझं. पण तुम्ही म्हणता रक्तात दोष, आणि मी सकाळपासून सोल्युशन लावून दोनशे सोल चिकटवलेत. वर डबा चाटूनपुसून खाल्लाय.

सिस्टर : पांढऱ्या पेशी ऐंशी हजार. अकरा हजारांच्या आत हव्यात. त्यातल्या निम्म्या कच्च्या. रक्ताचा कॅन्सर असू शकतो. मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिलीय, आजच निघायचं.

कारागीर : मशीन बिघडलं असेल. परत घ्या ना रक्त. हा घ्या हात. नीट येईल.

सिस्टर : नीट येईल, हे तुम्हाला कसं ठाऊक?

कारागीर : म्हणजे... मला कधी काही होत नाही ना.

सिस्टर : ताप येतो?

कारागीर : छे.

सिस्टर : दात घासताना हिरड्यांतून रक्त? जिना चढताना धाप? कुठे न आपटता अंगावर काळेनिळे डाग?

कारागीर : डाग म्हणजे कसे?

सिस्टर : कुणी बुक्की मारल्यासारखे. दंडावर, मांडीवर.

कारागीर : सिस्टर, पाणी मिळेल जरा?

सिस्टर : घ्या, तांब्या तिथेच आहे. मागच्या तपासणीत सोल्युशनच्या वाफेने तुमच्या पेशी कमी आल्या होत्या. मीच म्हणाले होते, आणखी उतरल्या तर सोल्युशन खात्यातून हलवावं लागेल.

कारागीर : हलवून पॅकिंगला टाकतात. आणि पॅकिंगवाला सहा महिन्यांत घरी बसतो. ते तुम्ही नाही म्हणालात.

सिस्टर : मग काय केलंत?

कारागीर : काही नाही. द्या ती चिठ्ठी. जातो आजच.

सिस्टर : चिठ्ठीवर तुमचं नाव आहे. तिथे कमरेच्या हाडातून नमुना काढतील. तिथेही दुसऱ्याला पाठवणार?

कारागीर : दुसऱ्याला कशाला पाठवेन?

सिस्टर : रक्त घ्यायला आलेली पोरं बाहेरच्या लॅबची. ती बिल्ला बघतात, तोंड बघत नाहीत. मी त्या दिवशी रजेवर. चौदा वर्षं काढलीत इथे, दादा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. कुणाचं रक्त आहे हे?

कारागीर : माझी नोकरी जाईल.

सिस्टर : जाईल कदाचित.

कारागीर : त्याचीही जाईल.

सिस्टर : आज हॉस्पिटलात नाही गेला, तर जीव जाईल त्याचा. कोण आहे?

कारागीर : मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. सासूबाई गेल्या तेव्हा शाळेत होता, आम्हीच वाढवला. मीच त्याला इथे लावला. पण गोदामात. सोल्युशनच्या वाटेला जायचं नाही, अशी तंबी देऊन. घरात सगळ्यांत धडधाकट तोच, म्हणून माझा बिल्ला त्याच्या गळ्यात घातला.

सिस्टर : गोदामात काय करतो?

कारागीर : सोल्युशन पातळ करायच्या थिनरची पिंपं उघडतो. डब्यांत भरून आम्हाला देतो. पंप बंद पडलाय, मग नळी तोंडाने ओढायची. सुटी झाली की थिनरनेच हात धुतो, डाग लवकर जातात म्हणून. गोदामवाल्यांची तपासणी होत नाही ना? आम्हाला वाटलं, तिथे धोका नसेल.

सिस्टर : किती वर्षं?

कारागीर : सात. हिरड्यांतून महिनाभर रक्त येतंय त्याच्या. बायको म्हणाली ब्रश बदल, त्याने बदलला. मांडीवरचा डाग बघून मी टिंगल केली, सिस्टर. म्हटलं, खोक्यांशी कुस्ती खेळतोस काय रे. तोही हसला.

सिस्टर : ही चिठ्ठी फाडते. नवी लिहिते, त्याच्या नावाची. फोन करून बोलवा त्याला.

कारागीर : फोन कशाला. बाहेर बाकावर बसलाय. तुमचा निरोप आला तेव्हा वाटलं, लबाडी उघडी पडली. ‘दाजी, सगळा दोष मी घेतो’ म्हणाला, आणि आला सोबत.