चपलेचं सांगायचं नाही

रंजिता: चप्पल. सुई. उकळतं पातेलं. सदऱ्याच्या गुंड्या.

नरसिंहराव: हं.

रंजिता: यातलं काही आत बोलायचं नाही. परत म्हणा.

नरसिंहराव: शाळेत घातलंयस काय मला?

(बेंगळूर, १९९८. रुग्णालयातला बाक. बाप आणि लेक.)

रंजिता: डॉक्टर विचारतील, बोटांना मुंग्या येतात का.

नरसिंहराव: मुंग्या येऊन गेल्या. आता काहीच येत नाही.

रंजिता: अण्णा.

नरसिंहराव: खोटं आहे काय? परवा फॉल लावताना साडीबरोबर बोट शिवलं. रक्त दिसलं तेव्हा कळलं. गिऱ्हाईक म्हणाली, सरी, ठीक आहे, असू द्या. कब्बनपेठेत शिवण्यात जन्म गेला माझा, आणि मला असू द्या म्हणते.

रंजिता: एका औषधानं फुप्फुसातली गाठ हलली नव्हती. दोन एकत्र दिली तेव्हा निम्मी झाली. बोटांचं कळलं की ती बधिर करणारं एक बंद करतील. त्यांनीच सांगितलंय.

नरसिंहराव: करू देत.

रंजिता: आणि गाठ वाढली तर?

नरसिंहराव: आणि हात गेले तर? आताच काजं तुझी आई करते. मी गळ्यात टेप घालून दुकानाच्या पाटीखाली बसतो.

रंजिता: अमेरिकेत फक्त गाठीचाच नेम धरणारी औषधं करतायत म्हणे. तोवर टिकायला नको?

नरसिंहराव: मग तीही दोन-दोन एकत्र देतील. त्यांचा त्रास वेगळा.

रंजिता: वाकडंच बोला.

नरसिंहराव: सरळ बोललेलं तुला चालत नाही. ते डोळे मिटायला लावून टाचणी टोचतात, तेव्हा काय करू?

रंजिता: ठरवलंय मी. शेजारीच बसेन. टाचणी टोचली की टेबलाखाली तुमच्या पायावर पाय दाबीन. तुम्ही हो म्हणायचं.

नरसिंहराव: तुझ्या बँकेत हेच शिकवतात काय? दाब बघू.

रंजिता: हं.

नरसिंहराव: दाब की. स्वल्प जोरात.

रंजिता: दाबलाय.

नरसिंहराव: कधी?

रंजिता: मघाशीच. अजून तसाच आहे.

नरसिंहराव: (खाली वाकून) आहे खरा.

रंजिता: नाव पुकारलं. उठा. माझा हात धरा.

नरसिंहराव: धरलाय मी?

रंजिता: धरलाय.

नरसिंहराव: मग आत काय बोलायचं नाही, ते परत सांग.

रंजिता: चला आत. (डॉक्टरांच्या खोलीत) नमस्कार, डॉक्टर. रविवारी अण्णा देवळातून एकाच पायात चप्पल घालून घरी आले.