कोरड्या जागेतलं पाणी

हो सायेब, बालदी मीच ओतली — माजाच हात, दुसऱ्या कोणाचं नाव घेऊ नका. लादीवर पाणी सांडलं, कोणी घसरून पडला असता — बरोबर हाय तुमचं. मी तुळशीराम, ती भिजलेली पोर माजी नात, कोमल. तुमाला काय वाटलं, म्हातारा पोरीला छळतो? नाय ओ, खेळत होतो आमी. पाण्याचाच पार्क ना हा — मग? कोरड्या जागेत कोणी खेळत नाय, ते पण बरोबर.

तुमी सेफ्टीचे ना? बसा घटकाभर, उभ्यानं राग चढतो. सकाळी गेटवर तिची बॅटरीची खुर्ची तुमच्याच माणसानं ठेवून घेतली — बोलला, उतार ओला हाय, सुटली तर कोणाच्या पोरावर जाईल. मी बोललो, खरं हाय. आमी दर्यावरची माणसं, जिवाची भीती आमाला पण हाय. पण त्या खुर्चीत ती एकटी फिरते — पनवेलच्या बाजारात, खारघरला हापिसात — कोणाला हात लावू देत नाय. आणि तुमी दिली ती कसली? हातगाडी! मासळीची पेटी ढकलावी तसा मी ढकलतो तिला, संगती सहलीला आलेल्या हापिसातल्या पोरींच्या देखत. तरी हसत होती बिचारी. मग हळूच बोलली, आजा, बाथरूमला ने.

आता काय सांगू — शी! दारावर खुर्चीचं चित्र काढलंय तुमी, निळं, झकास — आणि आत? फिनेलचे डबे, ओली फडकी, मोडकी बाकडी, वास असा का सडका बोंबील बरा. बाजूच्या बायकांच्या बाथरूमच्या दारात तुमची रुंद खुर्ची शिरत नाय — तिची शिरली असती, बारकी हाय ती. मी बोललो, उचलतो. नको बोलली. दात आवळून बसली. मी ह्याला विचारतो, त्याला विचारतो, ते डबे काढा रे — तर बोलतात आजोबा, थांबा, साफसफाईवाला जेवाला गेलाय. किती धरील माणूस? नाय धरवलं तिला. आणि समोरून त्या पोरी आल्या, कोमल कोमल करत, फोटो काढायला — तिनं माज्याकडं नुसतं बघितलं, सायेब. नळाखाली पाय धुवायची बालदी भरलेली. जन्मभर होडीतलं पाणी बाहेर फेकलं मी, आज पयल्यांदा —

हे मी बोललो नाय. तुमी ऐकलं नाय. कळलं? पोरी हसल्या, आजोबा भारी हायत बोलल्या — तेवढंच राहू दे. किळस येते ती त्या दारावरच्या चित्राची. माफी नको मला. तिची खुर्ची तेवढी आणून द्या — उतारावर मी पुढं चालतो, सुटली तर माज्या अंगावर येईल —

गप, गप. मैत्रीण ढकलत आणतेय तिला. — काय नाय गो बाय, सायेब ओरडतात मला, पाणी उडवलं म्हणून. — ओरडा ना, सायेब. जरा मोठ्यानं.